शाळेतील ध्यान : मूल्यमापन कोणाचे?

(दिघा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अभ्यासवर्गाचा आजचा विषय पाहून काही कार्यकर्त्यांना नवल वाटले असेल. एका अंगाला पारसिकची डोंगररांग, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्या भोवतीचा औद्योगिक पट्टा, आणि या दोहोंच्या मध्ये दाटीवाटीने वसलेल्या वस्त्या, असे हे दिघे. कंत्राटी कामगाराची हजेरी, पाण्याची वेळ, राहत्या घराचा कागद हे येथील रोजचे प्रश्न होत. अशा ठिकाणी शाळेतील मुलांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यावे किंवा कसे, याचा खल कशासाठी? रोजीरोटीच्या प्रश्नांपुढे हा विषय उच्चभ्रूंचा छंद नव्हे काय?

तो तसा नाही. ज्या घरात पाणी आणि कागद यांची विवंचना असते त्याच घरातून मूल शाळेत येते आणि ती विवंचना दप्तराबरोबर घेऊन येते. मुलाच्या मनाचेही काही देणे समाजाला लागते, हे आता शासनाने आणि न्यायालयांनीही मान्य केले आहे. प्रश्न उरतो तो हे देणे फेडायचे कसे, हा. मुलालाच मन आवरण्याची विद्या शिकवून, की त्याचे म्हणणे ऐकून घेणारा माणूस शाळेत नेमून? हा निवडीचा प्रश्न आहे, आणि सार्वजनिक पैशाच्या निवडीचा प्रश्न हा नेहमीच राजकारणाचा प्रश्न असतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ब्रह्मदेशातील मंडाले येथे जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचे केंद्र सुरू झाले. विपश्यनेची पहिली पायरी म्हणजे आनापान. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे, तो जसा असेल तसा, लक्ष ठेवणे, एवढेच त्यात असते. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०१२ साली विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने शाळांसाठी ‘मित्र उपक्रम’ हाती घेतला. मुलांना आनापानाची ओळख करून द्यावी आणि मग रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटे त्यांच्याकडून सराव करून घ्यावा, असे त्याचे स्वरूप. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ च्या जुलैपासून ‘आनंदाचा अभ्यासक्रम’ आला. त्याच्या तासाचा आरंभही अशाच ध्यानाने होई.

पश्चिमेकडे हीच विद्या निराळ्या वेषात गेली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली दीर्घकाळच्या वेदनांनी पिडलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचा धार्मिक पेहराव त्यांनी जाणीवपूर्वक उतरवला. पुढे मानसोपचाराच्या क्षेत्रात स्वीकारावर आधारलेल्या वर्तनोपचार पद्धती निर्माण झाल्या. दुःखद विचार व भावना दडपून टाकू नयेत, त्यांच्याशी झगडण्यात शक्ती दवडू नये, त्या आहेत असे मान्य करावे आणि तरीही आपल्याला जे मोलाचे वाटते त्या दिशेने कृती करावी, असा त्यांचा गाभा. दवाखान्यातून या पद्धती शाळांत आल्या आणि शाळांतून त्यांचा एक व्यवसायही उभा राहिला.

या साऱ्याकडे पाहण्याच्या दोन चुकीच्या रीती कार्यकर्त्यांमध्ये आढळतात. पहिली भाविकतेची. ध्यान म्हणजे चांगलेच, त्याची परीक्षा काय करायची, असे ती मानते. दुसरी उपहासाची. ही नवी अफू आहे, भांडवलदारांनी कामगारांच्या पोरांना गप्प बसवण्यासाठी आणलेली युक्ती आहे, एवढे म्हणून ती मोकळी होते. पहिली रीत विवेकाला सोडून आहे, दुसरी मुलांना.

उपहास करणाऱ्यांनी काही आकडे ध्यानात घ्यावेत. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. पाहणीसाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु तेच प्रमाण येथे धरले तर चाळीस मुलांच्या वर्गात अशी तीन मुले बसलेली असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वांच्या वर होता. समाजव्यवस्था बदलेपर्यंत या मुलांनी थांबावे, असे कोणत्या समाजवादाने सांगितले आहे? आज वर्गात बसलेल्या मुलाचे बालपण उद्याच्या क्रांतीच्या नावावर उधार ठेवता येत नाही.

तेव्हा प्रश्न गंभीरपणे घ्यावयाचा, आणि गंभीरपणे घ्यावयाचा म्हणजे मूल्यमापन करावयाचे. येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित असलेले चार प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न : कशाच्या तुलनेत? एखाद्या शाळेत जूनमध्ये ध्यान सुरू झाले आणि मार्चमध्ये मुले अधिक शांत दिसली, तर ते श्रेय ध्यानाचेच असे नव्हे. मुले नऊ महिन्यांनी मोठी झाली. शिक्षक त्यांना ओळखू लागले. शिवाय जी मुले आरंभी फार अस्वस्थ असतात त्यांची स्थिती काही न करताही थोडी सरासरीकडे सरकते. म्हणून खरी परीक्षा ती, जिच्यात समान परिस्थितीतील अनेक शाळा घेतल्या जातात, कोणत्या शाळेत उपक्रम चालवायचा आणि कोणत्या शाळेत नेहमीचेच शिक्षण ठेवायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले जाते, आणि वर्षभराने दोन्हींची स्थिती ताडून पाहिली जाते.

दुसरा प्रश्न : मोजणारा कोण? उपक्रम चालवणारी संस्थाच शिक्षकांचे अभिप्राय गोळा करून अहवाल लिहिते, तेव्हा कंत्राटदारानेच आपल्या रस्त्याची पाहणी करावी तसा तो प्रकार होतो. त्यात लबाडी असते असे नाही. पण चांगले घडावे अशी इच्छा बाळगणाऱ्या माणसाला चांगलेच दिसते.

तिसरा प्रश्न : कोणाची सरासरी? चाळीसांतील सदतीस मुलांना थोडे बरे वाटले आणि उरलेल्या तिघांचा त्रास वाढला, तरी सरासरी सुधारलेली दिसेल. ज्यांच्या नावाने योजना आणली त्यांचेच नुकसान अशा सरासरीत बुडून जाऊ शकते. दारिद्र्याच्या प्रश्नात दरडोई उत्पन्नाच्या आकड्याने हाच घोटाळा वर्षानुवर्षे केला आहे.

चौथा प्रश्न : त्यासाठी काय सोडले? शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन सांगितले आहे. रोज वीस मिनिटे ध्यानाला दिली तर वर्षाला ४,४०० मिनिटे, म्हणजे ७३ तासांहून थोडे अधिक होतात. हे प्रमाण सात टक्क्यांच्या वर जाते. सहाशे मुलांच्या शाळेत ते वर्षाकाठी ४४,००० विद्यार्थी-तास भरते. ज्या शाळा दोन सत्रांत भरतात, जेथे मैदान नाही, चित्रकला आणि संगीत यांना शिक्षक नाहीत, तेथे हा वेळ फुकटचा नसतो. ध्यानाला खर्च येत नाही, असे म्हणणारा मुलांच्या वेळेची किंमत शून्य धरतो.

या चार कसोट्या लावून जगात झालेल्या मोठ्या परीक्षांकडे पाहिले म्हणजे चित्र पुष्कळसे स्पष्ट होते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे विलेम कायकेन आणि त्यांचे सहकारी यांनी ८५ शाळा व ८,३७६ विद्यार्थी घेऊन अशी परीक्षा केली. आरंभी मुले प्रामुख्याने ११ ते १३ वर्षांची होती. शिक्षकांना आधी स्वतः सजगतेचे प्रशिक्षण दिले, मग त्यांनी वर्गात दहा पाठ शिकवले. कार्यक्रमाविषयी आस्था असणाऱ्यांनीच ही परीक्षा घेतली होती, म्हणून तिचा निष्कर्ष अधिक विश्वसनीय आहे. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत भावनिक व सामाजिक शिक्षण नेहमीच्या पद्धतीने नीट चालू होते, त्यांच्यापेक्षा सजगतेच्या शाळांतील मुलांचे मानसिक स्वास्थ्य वर्षभरानंतर अधिक चांगले ठरले नाही. बहुसंख्य मुलांनी घरी सराव केलाच नाही. ज्या मुलांना मानसिक त्रासाचा धोका मुळातच अधिक होता, त्यांच्या बाबतीत तर किंचित उलटा परिणाम असण्याची शक्यता दिसली. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला आणि शाळेच्या वातावरणाबद्दल त्यांचे मत थोडे सुधारले.

ऑस्ट्रेलियात सजगता, स्वीकार आणि भावनांचे नियमन यांची कौशल्ये एकत्र शिकवणारा आठ आठवड्यांचा कार्यक्रम १,०७१ किशोरांच्या पाहणीत तपासला गेला. त्याचा अहवाल २०२३ सालचा आहे. कार्यक्रम संपताच त्यात भाग घेतलेल्या मुलांत नैराश्य आणि चिंता तुलनेच्या गटापेक्षा वाढलेली दिसली, आणि आईवडिलांशी असलेले नाते अधिक ताणलेले आढळले. सहा महिन्यांनी बहुतेक दुष्परिणाम ओसरले; आईवडिलांशी नात्यातील ताण उरला. ज्यांनी घरी मनापासून सराव केला त्यांना काही लाभ झाल्याचीही नोंद आहे. उपचार म्हणून जे एखाद्या आजारी माणसाला, त्याच्या इच्छेने, जाणत्या उपचारकाच्या सोबतीने उपकारक ठरते, तेच साऱ्या वर्गाला सरसकट पाजले म्हणजे औषधाचे औषधपण राहत नाही, हा या दोन्ही अहवालांचा बोध आहे.

याचा अर्थ ध्यान निरुपयोगी आहे असा नव्हे. प्रौढ माणसांनी स्वेच्छेने केलेल्या ध्यानाचे अनुभव निराळे आहेत आणि त्यांचा अवमान करण्याचे कारण नाही. शिवाय इंग्लंडची शाळा म्हणजे दिघ्याची शाळा नव्हे, हा आक्षेपही रास्त आहे. तेथील तुलनेच्या शाळांत आधीच बऱ्यापैकी सोयी होत्या. येथे काहीच नसते, तेव्हा दहा मिनिटांची शांतताही अधिक मोलाची ठरेल, असे कोणी म्हणू शकेल. या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर भारतातीलच पुरावा पाहावा लागतो, आणि तो सुदैवाने उपलब्ध आहे. तो आहे बिहारमधला.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत, गोव्यातील संगाथ या संस्थेच्या पुढाकाराने, ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला. काही शाळांत एक स्थानिक, मानसशास्त्राची व्यावसायिक पदवी नसलेला, परंतु या कामासाठी तयार केलेला पूर्णवेळ समुपदेशक नेमला. त्याचे नाव ‘सेहर मित्र’. दुसऱ्या काही शाळांत नेमके हेच काम असलेल्या शिक्षकाकडे जादा म्हणून सोपवले. तिसऱ्या गटातील शाळांत नेहमीचा जीवनकौशल्याचा कार्यक्रम तेवढा ठेवला. कोणत्या शाळेला काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकूनच ठरले. मित्राचे काम काय? शाळेच्या सभेत मुलांशी बोलायचे, मुलांकडून भित्तिपत्रक काढून घ्यायचे, नाव न लिहिता तक्रार किंवा प्रश्न टाकता यावा अशी पेटी लावायची, त्या पेटीतील प्रश्न शाळेच्या समितीपुढे न्यायचे, शिक्षा आणि दांडगाई यांविषयी धोरण ठरवून घ्यायचे, आणि ज्या मुलाला एकट्याने बोलायचे असेल त्याला वेळ द्यायचा.

या प्रयोगाचा अहवाल २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या शाळांत समुपदेशक होता तेथील वातावरण स्पष्टपणे सुधारले, मुलांतील नैराश्याची लक्षणे, दांडगाई आणि हिंसा कमी झाली. पुढच्या वर्षीच्या पाहणीत हा फरक टिकला, किंबहुना वाढला. आणि ज्या शाळांत तेच काम शिक्षकाकडे सोपवले होते तेथे? काहीही फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, पुस्तिका तीच, जिल्हा तोच. फरक होता तो एका माणसाचा, ज्याला दुसरे कोणतेही काम नव्हते.

मित्रहो, आपल्या राज्याच्या उपक्रमाचे नाव ‘मित्र’ आणि नालंदाच्या समुपदेशकाचे नावही ‘मित्र’. हा नुसता योगायोग आहे. परंतु तो दोन दृष्टी समोरासमोर उभ्या करतो. एका ठिकाणी मित्र म्हणजे मुलाने स्वतःच स्वतःशी करायची मैत्री. दुसऱ्या ठिकाणी मित्र म्हणजे शाळेत चालता-बोलता असलेला, ज्याचे दार ठोठावता येते असा माणूस. पहिल्या मित्राला पगार द्यावा लागत नाही. अर्थसंकल्प तयार करणाऱ्यांना तोच अधिक प्रिय का, हे वेगळे सांगायला नको.

शिक्षकाच्या हाती तेच काम निष्फळ का ठरले, याचाही विचार व्हावा. शिक्षक नालायक होते म्हणून नव्हे. त्यांच्या डोक्यावर अध्यापन, परीक्षा, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे असा भार असतो. शिवाय जो शिक्षक गुण देतो आणि शिक्षा करतो, त्याच्यापाशी मूल घरची मारहाण किंवा वर्गातील अपमान मोकळेपणाने कसे सांगेल? कधी कधी तक्रार त्याच्याबद्दलच असते. नवी योजना आली की ती शिक्षकाच्या खांद्यावर टाकायची आणि परिणाम दिसला नाही की शिक्षकालाच दोष द्यायचा, ही शासकीय रीत शिक्षक आणि मुले दोघांवरही अन्याय करणारी आहे.

आता ‘स्वीकार’ या शब्दाकडे वळू. कारण खरा वैचारिक झगडा तेथे आहे. उपचारशास्त्रात स्वीकार म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणे नव्हे. भीती वाटते आहे, हे मान्य करणे म्हणजे भीतीचे कारण योग्य आहे असे मानणे नव्हे. उलट, भावनेशी चाललेली निष्फळ झटापट थांबली की माणूस कृतीला मोकळा होतो, असे ते शास्त्र सांगते. या अर्थाने पाहिले तर लाठीमाराची भीती मनात असतानाही मोर्चात उभा राहणारा कार्यकर्ता स्वीकाराचाच धडा गिरवत असतो. तेव्हा या शास्त्रावर दैववादाचा आरोप करणे अज्ञानाचे ठरेल.

परंतु शब्दांचे अर्थ पुस्तकात एक राहतात आणि संस्थांत दुसरेच होतात. वर्गात साठ मुले, पंखा बंद, स्वच्छतागृहाला पाणी नाही, आणि मुलांना सांगितले जाते की अस्वस्थता जशी आहे तशी पाहा, प्रतिक्रिया देऊ नका. येथे भावनेचा स्वीकार आणि परिस्थितीचा स्वीकार यांतील रेषा पुसली जाते. पंखा दुरुस्त करणे हे ज्याचे कर्तव्य, तोच मुलाला उकाड्याकडे समतेने पाहायला शिकवू लागला, तर ती शिकवण राहत नाही. ती कर्तव्यातून सुटका होते.

दिघ्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर येथील औद्योगिक महामंडळाच्या आणि सिडकोच्या जमिनींवरील बेकायदा इमारतींवर कारवाई सुरू झाली. यादीत ९९ इमारती होत्या. बेकायदा बांधणारे बांधून आणि विकून मोकळे झाले होते. आयुष्याची पुंजी घालून घर घेणारे कामगार आणि नोकरदार रस्त्यावर आले किंवा येण्याच्या धास्तीत राहिले. त्या दिवसांत शाळेत गेलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची कल्पना करावी. संध्याकाळी घराला कुलूप लागलेले असेल की काय, हा विचार त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येतो. हा विचार म्हणजे मनाचा भ्रम नाही. ते वास्तवाचे अचूक ज्ञान आहे. त्याला श्वासाकडे परत या, असे सांगितल्याने क्षणभर बरे वाटेलही, आणि ते क्षणभराचे बरे वाटणे नाकारू नये. परंतु त्या मुलाला खरोखर हवे असते ते असे कोणीतरी, जे विचारील : रात्री कोठे झोपलास, पुस्तके मिळाली का, आई कामावर गेली का, आणि परीक्षेचे काय करायचे ते मी मुख्याध्यापकांशी बोलू का?

डोळे मिटणे ही गोष्टदेखील सर्वांसाठी सारखी सुखाची नसते. ज्या मुलाने मारहाण किंवा अत्याचार सोसला आहे, त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे श्वास उभा न राहता ती आठवण उभी राहू शकते. ज्यांना ध्यान शिकवायचे त्यांना डोळे उघडे ठेवण्याची, किंबहुना त्यात भाग न घेण्याची मुभा असली पाहिजे, हे जाणकार उपचारकही सांगतात. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात एका सुरात दिलेल्या आज्ञेला ही मुभा ठाऊक नसते.

येथे एक नाजूक बाब टाळून चालणार नाही. दिघ्यासारख्या वस्त्यांत बुद्धाचे नाव हे नवे उपचारतंत्र म्हणून आलेले नाही. १९५६ च्या धर्मांतराने जो आत्मसन्मान दिला त्याच्याशी ते निगडित आहे. म्हणून शालेय ध्यानाची चिकित्सा म्हणजे धम्माचा अवमान, असे कोणी समजू नये. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात, जीवन म्हणजेच दुःख असे सांगणारी आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ उपदेशातली की मागाहूनची, असा रोखठोक प्रश्न केला आहे. त्यांनी उभा केलेला धम्म माणसामाणसातील व्यवहाराचा आहे, न्यायाचा आहे. दुःखाचा उगम केवळ मनात शोधणारा आणि समाजाला निर्दोष सोडणारा बुद्ध त्यांना मान्य नव्हता. तेव्हा या चिकित्सेला परंपरेचा आधार हवाच असेल तर तो याच वस्त्यांत भिंतीवरच्या तसबिरीत आहे.

दुसऱ्या बाजूने, पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, हे घटनेच्या २८ व्या अनुच्छेदाचे बंधन आहे. श्वासाकडे लक्ष देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे म्हणता येईल आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु आज श्वास, उद्या मंत्र आणि परवा एखाद्या बाबांची तसबीर, अशी घसरण व्हायला वेळ लागत नाही. आज जे आपल्याला प्रिय त्याला दार उघडे ठेवले, तर उद्या अप्रिय आत येताना दार लावता येत नाही. म्हणून नियम सर्वांना एकच असावा : शाळेच्या वेळेत जे काही चालेल ते कोणत्याही पंथाच्या संघटनेशी बांधलेले नसावे, ऐच्छिक असावे, आणि त्याची तपासणी तिऱ्हाइताने करावी.

मग करायचे काय? टीका करून घरी जाणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. काही मुद्दे निश्चित मांडता येतात.

एक. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. वस्तीतील पालकांना, विशेषतः घरकामाला आणि कारखान्यात जाणाऱ्या आयांना, या समितीत बोलते करणे हे पहिले काम. सभा त्यांच्या पाळीच्या वेळा पाहून ठेवावी, एवढी मागणीदेखील पुष्कळ बदल घडवील.

दोन. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे त्यांपैकी एक. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ पासून स्वतःचा कारभार करीत आहे, आणि ती गरीब महानगरपालिका म्हणून ओळखली जात नाही. प्रत्येक शाळेत समुपदेशक केव्हा, कोणत्या वेतनावर आणि कोणत्या पदावर, हा प्रश्न प्रशासनाला लेखी विचारावा आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहावे.

तीन. समुपदेशक हवा म्हणजे मानधनावर राबवायचा आणखी एक कर्मचारी हवा, असा अर्थ होऊ देऊ नये. आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडून समाज जी सेवा घेतो आणि बदल्यात जे देतो, तो अनुभव ताजा आहे. ज्याला स्वतःच्या पुढच्या महिन्याची खात्री नाही त्याने मुलांना धीर कसा द्यावा? वस्तीतीलच शिकलेल्या तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन, नियमित वेतनावर, अनुभवी मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली नेमावे. नालंदाने दाखवून दिले आहे की हे काम मोठ्या पदव्यांवाचून अडत नाही. परंतु ते देखरेखीवाचून आणि पूर्ण वेळ दिल्यावाचून होत नाही.

चार. ज्या शाळेत आनापान किंवा तत्सम ध्यान चालू आहे आणि मुलांना ते आवडते, तेथे ते बंद पाडण्याची मोहीम काढू नये. ते ऐच्छिक आहे काय, नको असलेल्या मुलाला पुस्तक वाचत बसता येते काय, शिक्षकांचीही त्याला मनापासून संमती आहे काय, एवढे पाहावे. विरोध ध्यानाला नसावा. ध्यानाचे नाव पुढे करून समुपदेशक, मैदान आणि शिक्षक यांची मागणी मागे सारली जाते, त्या अदलाबदलीला असावा.

पाच. मूल्यमापनात मुलांचा आवाज असावा. शाळेत नाव न लिहिता चिठ्ठी टाकण्याची पेटी बसवायला पैसा लागत नाही. मात्र तिची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात नसावी. समितीतील पालक-सदस्यांपुढे ती उघडावी. मुले काय लिहितात ते वाचण्याची तयारी मोठ्यांनी ठेवावी. त्यात ध्यानाविषयी क्वचितच काही असेल. शौचालय, मार, छेडछाड, उपाशी पोट आणि परीक्षा यांविषयी पुष्कळ असेल.

कदाचित कोणी म्हणेल की हे मार्ग लांबचे आहेत आणि दहा मिनिटांचे ध्यान उद्यापासून सुरू करता येते. हे खरे आहे. सोपे म्हणून जे लगेच करता येते, तेच पुरेसे आहे असे भासवण्याचा मोह मात्र राज्यकर्त्यांना नेहमीच होतो. साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेत शिक्षक आणि वसतिगृहाचे प्रमुख होते, तेव्हा मुलांच्या मनाची त्यांनी जी काळजी घेतली ती कोणत्याही तंत्राने नव्हे. ते मुलांमध्ये राहिले. पण एक गुरुजी सापडले म्हणून व्यवस्था सुटत नाही. साऱ्या शाळांत गुरुजींसारखी माणसे भेटतील या आशेवर बसता येत नाही. म्हणूनच जे त्यांनी प्रेमाने केले ते समाजाने हक्क म्हणून, पदे निर्माण करून आणि वेतन देऊन उभे करावयाचे असते. करुणेचे संस्थेत रूपांतर करणे, हेच समाजवादाचे काम आहे.

जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाले. अनेक वर्षांच्या मागणीनंतर गाडी येथे थांबू लागली. स्थानक झाले, कारण येथे माणसे राहतात आणि त्यांना उतरायचे असते, हे अखेर मान्य करावे लागले. शाळेतही काही मुलांच्या मनात पुष्कळ काही साचलेले असते आणि त्यांना कोठेतरी थांबून ते उतरवायचे असते. मुलाने श्वास कसा घ्यावा हे शिकवण्यापूर्वी, त्याला मोकळा श्वास घेता येईल एवढी जागा आणि त्याचे ऐकून घेणारे एक माणूस शाळेत आहे की नाही, हे पाहावे. पुढच्या पालकसभेला जाताना कार्यकर्त्याने एवढा एकच प्रश्न बरोबर न्यावा, आणि उत्तर घेतल्यावाचून परत येऊ नये.